एका घराचे वजन

मोजण्याचे काम ज्याने पत्करले, त्याचा धर्म दुपदरी असतो. जे आहे ते नोंदावे, हा एक पदर; आणि जे नाही ते नोंदीत शिरू देऊ नये, हा दुसरा. पहिला पदर सांभाळणारी माणसे पुष्कळ सापडतात, कारण त्याला डोळे आणि चिकाटी एवढेच पुरते. दुसऱ्याची कसोटी लागते ती नोंदीतले असत्य आपल्याच घरातून, आपल्याच माणसाच्या सुवाच्य अक्षरात आणि अत्यंत सद्भावनेने शिरलेले असते तेव्हा. ते उघड करावे तर एका वडीलधाऱ्याचा अवमान. झाकून ठेवावे तर दुसऱ्या वडीलधाऱ्याचे घर जमीनदोस्त. असा पेच त्या मंगळवारी दुपारी सूनबाईपुढे उभा होता, आणि त्याची मुदत संध्याकाळी पाच वाजता संपणार होती.

मुदत पाचची असली, तरी प्रादेशिक नियोजन मंडळाचा कारकून अहवाल न्यायला तीन वाजताच येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. छत्री मांडीवर आडवी ठेवून तो समोरच्या भिंतीकडे पाहत राही, आणि दर दहा मिनिटांनी उठून दारात येई. "मी आलोय हं. घाई नाही," एवढे सांगून पुन्हा बाकावर जाई.

आतल्या लांबट खोलीत एका भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत प्रदेशाचा नकाशा होता. त्याचे दोनशे चौदा विभाग पाडलेले, आणि प्रत्येक विभागाच्या मध्यावर पितळी डोक्याची एक टाचणी. विभागातली झाडून सारी माणसे त्या टाचणीवरच राहतात आणि तिथूनच कामाला, शाळेला, दवाखान्याला जातात, अशी या कार्यालयाची सोयीची श्रद्धा. कुठे रस्ता हवा, कुठे बस, कुठे पूल, हे ठरवण्यापूर्वी कोण कुठून कुठे, कशासाठी आणि कशाने जातो हे कुणीतरी विचारावे लागते. ते विचारण्याचे काम या घराने चाळीस वर्षे निष्ठेने केले होते. आबांनी, म्हणजे सूनबाईच्या सासऱ्यांनी, हे अभ्यास-कार्यालय सुरू केले; आता वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते नकाशाखालच्या उंच पाठीच्या खुर्चीत नुसते बसत, पण कोणतीही संख्या त्यांच्या मानेच्या होकाराशिवाय बाहेर जात नसे. थोरला, सूनबाईचा नवरा, कार्यालय चालवी. धाकटा दीर घडीची खुर्ची घेऊन चौकाचौकांत बसे आणि अंगठ्याने दाबायचे एक मोजयंत्र, ज्याला घरात टिकटिक्या म्हणत, ते दिवसभर दाबत राही. आणि सूनबाईकडे होते प्रतिमान: आज कोण कुठे जातो एवढे सांगितले, की वीस वर्षांनी कोण कुठे जाईल हे सांगणारे गणित. अहवालाच्या शेवटच्या पानावर सही तिची लागे.

साडेतीनच्या सुमारास आत्याबाई आल्या. आबांची ही धाकटी बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची, पेशाने शिंपीण. मंडळाची नोटीस त्यांनी हातातल्या पिशवीला टाचणीने टोचून आणली होती.

"दादा, तुझं ऑफिस माझ्या स्वयंपाकघरातून रस्ता काढतंय."

आबांनी चष्मा पुसायला घेतला.

"नुसता रस्ता नाही, दुभाजकसुद्धा. आणि तो दुभाजक कुठे येतोय माहितीय? माझ्या शिलाई मशीनवर. मंडळाच्या साहेबाने नकाशात बोट ठेवून दाखवलं. म्हणाला, तिथे शोभेची झाडं लावणार आहोत."

"आत्या, आपलं ऑफिस काही काढत नाही गं," थोरला समजावणीच्या सुरात म्हणाला. "आपण फक्त मोजतो. काढतं ते मंडळ."

"मग नीट मोजा की! साहेब मला म्हणतो, बाई, दिवसाला तेवीस हजार आठशे चौऱ्याऐंशी माणसांना पूल ओलांडून पलीकडे जायचंय. मी म्हटलं, पलीकडे आहे काय? एक्केचाळीस घरं आणि एक पिठाची गिरणी. तर म्हणे, तेच तर गूढ आहे, त्यावर तुमच्या भावाचा प्रबंध आहे!"

प्रबंध होता खरा. एकतीस वर्षांपूर्वी आबांनी प्रदेशातली पहिली घरोघर पाहणी केली, तेव्हा नदीच्या अलीकडच्या एका विभागातून पलीकडच्या वस्तीकडे माणसांचा अलोट लोंढा जातो असे निष्पन्न झाले होते. ही माणसे कामाला जात नव्हती, शाळेला नाही, बाजारालाही नाही. ती पायी जात, सहा मिनिटांहून कमी थांबत आणि परत येत. आबांनी या घटनेस 'अन्य हेतूंचा प्रवास' असे नाव दिले आणि मानवी जीवनात निर्हेतुक गमनाचे स्थान काय, यावर अतिशय गंभीर असे चार अध्याय लिहिले. परिषदांतून त्यांचा गौरव झाला. लाकडी पादचारी पुलाच्या जागी चारपदरी पूल आला. दहा वर्षांनी दुसरा अभ्यास झाला, आणि पलीकडच्या टोकाला आठ फाटे फुटणारा भव्य वर्तुळाकार चौक उभा राहिला. त्यांतले सात फाटे गवतात जाऊन थांबत. मूळ पाहणी पुन्हा करायला मंडळाला कधीच सवड झाली नाही. दर खेपेस जुनीच पाहणी वाढवून, फुगवून पुढे नेली जाई. आता तिसरा अभ्यास तयार होता, आणि त्याची शिफारस होती: पूल आठपदरी करावा, आणि त्यास साजेसा जोडरस्ता अलीकडच्या टोकाला काढावा. त्या टोकाला आत्याबाईंचे दोन खोल्यांचे घर होते.

"गेल्या मंगळवारी मी पुलावर बसलो होतो," खिडकीच्या कट्ट्यावरून धाकटा म्हणाला. "सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एकशे त्र्याहत्तर."

"हजार?" आत्याबाईंनी विचारले.

"नाही गं. नुसते एकशे त्र्याहत्तर. त्यात सव्वीस शेळ्या."

"शेळ्या कशाला मोजल्यास?" थोरला वैतागला.

"रकाना होता."

"हे बघ आत्या," थोरल्याने खुर्ची पुढे ओढली, "पूल रिकामा दिसतो याचा अर्थ लोकांना जायचं नाही असा होत नाही. जायचंय, पण सोय नाही, म्हणून ते जात नाहीत. याला सुप्त मागणी म्हणतात. पूल जितका रिकामा, तितकी मागणी दाबलेली. आणि जितकी दाबलेली, तितका पूल रुंद हवा."

"आणि रुंद केल्यावरही कोणी गेलं नाही तर?"

"मग फारच दाबलेली आहे असं समजायचं."

हे तो वडिलांच्या प्रबंधातून अक्षरशः म्हणत होता, आणि म्हणताना त्याचा डावा गुडघा सूनबाईच्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणाला टेकलेला होता. सूनबाईचे लक्ष त्या गुडघ्याकडे होते. खणात काय आहे हे खोलीत दोघांनाच ठाऊक होते. काल तिने नवऱ्याला तो कागद दाखवला, तेव्हा तो खूप वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "अगं, आधी अहवाल जाऊ दे. मग सावकाश बोलू आबांशी." सावकाश म्हणजे केव्हा, हे तिने विचारले नव्हते; या घरात तो शब्द दोन पुलांइतका जुना होता.

"तू का गप्प?" आत्याबाई एकदम तिच्याकडे वळल्या. "ते मॉडेल तूच चालवतेस ना? विचार की त्याला, ही माणसं आहेत तरी कोण?"

"विचारलं मी, आत्या."

"मग? काय म्हणालं?"

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिले. "अहो, गुडघा घ्या जरा." गुडघा हलला नाही. मग तिने आबांकडे पाहिले. आबा अजून चष्मा पुसत होते, आणि काच कधीच स्वच्छ झालेली होती. त्यांना ठाऊक आहे, हे तिला त्या क्षणी उमगले. आणि उमगल्यावर गप्प राहण्याचे उरलेसुरले कारणही संपले.

"म्हणालं, की ती सगळी माणसं तुम्हीच आहात."

गुडघा आपोआप बाजूला झाला. सूनबाईने खणातून पिवळटलेला एक फॉर्म काढून आत्याबाईंपुढे ठेवला. वरच्या कोपऱ्यात फॉर्मचा क्रमांक होता एक. कुटुंबप्रमुख म्हणून आबांचे नाव, पत्ता याच घराचा. कारण एकतीस वर्षांपूर्वी आत्याबाई भावाकडेच राहत होत्या. खाली एका दिवसाच्या प्रवासांचे रकाने आबांच्या मोत्यासारख्या अक्षरात भरलेले.

"वाच मोठ्याने. माझा चष्मा नाही," आत्याबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"खेप पहिली. निघण्याची वेळ आठ दहा. कुठे: पलीकडची वस्ती. कशाने: पायी. हेतू..." सूनबाई जरा अडखळली. "हेतू: कात्री मागणे. खेप दुसरी, नऊ पाच. हेतू: उत्तर आठवले. खेप तिसरी, दहा. हेतू: उत्तर आठवले. चौथी, हेतू: अधिक चांगले उत्तर आठवले."

"पुरे," आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता. जुने छायाचित्र सापडावे तसे काहीतरी होते.

त्या दिवसाची कथा घरात सर्वांना पाठ होती. आत्याबाई आणि त्यांची थोरली बहीण मिळून नदीपलीकडे शिवणकामाचे दुकान चालवीत. कापड बेतायच्या मोठ्या कात्रीवरून दोघींचे वाजले, दुकान फुटले, आणि आत्याबाई भावाकडे आल्या. दुसऱ्या दिवशी त्या कात्री मागायला गेल्या. थोरलीने काहीतरी असे सुनावले की परत येताना अर्ध्या पुलावर त्यांना त्याचे बिनतोड उत्तर सुचले. त्या माघारी गेल्या, उत्तर देऊन आल्या. तोवर थोरलीच्या नव्या बोलण्याला नवे उत्तर सुचले होते. असे दिवसभरात सात वेळा. नेमक्या त्याच दिवशी आबा नवा फॉर्म चालतो की नाही हे घरच्या माणसांवर तपासून पाहत होते.

"पण दादा, हा तर चाचणीचा कागद. तू म्हणाला होतास, फाडून टाकणार."

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मंद आणि रेखीव होता. "त्या विभागाचे सगळे फॉर्म एका पोत्यात होते. पाहणी करणारा ते सायकलला बांधूनच पलीकडचे आणायला निघाला. लाकडी पुलावर चाक अडकलं, आणि पोतं नदीत गेलं. दोनशे तेरा विभाग भरले, एक पांढरा राहिला. नकाशात तो पांढरा तुकडा मला बघवेना. मी म्हटलं, आठ दिवसांत पुन्हा पाहणी करू, तोवर जागा रिकामी नको. म्हणून हा एक फॉर्म ठेवला."

सूनबाईने फॉर्म उलटा केला. मागे शिसपेन्सिलीने बारीक लिहिले होते: 'तात्पुरते'.

"विभागात घरं तीन हजार चारशे बारा," ती म्हणाली. "फॉर्म एकच. म्हणून त्या एका फॉर्मला तीन हजार चारशे बारा घरांचं वजन मिळालं. त्या विभागातल्या प्रत्येक घरात एकेक आत्या, आणि प्रत्येक आत्या दिवसाला सातदा पलीकडे. पलीकडच्या एकेका दारात रोज पाचशे ब्याऐंशी बायका उत्तर द्यायला उभ्या."

"आणि पायी का जातात?" धाकट्याने विचारले. "पायीच जातात, मग रुंद रस्ता कशाला?"

"वाहनाची सोय नाही म्हणून पायी जातात, असं आबांनी मानलं. पुढच्या वीस वर्षांत सगळ्या गाडीने जातील."

"रागाच्या भरात? गाडीने?" आत्याबाई म्हणाल्या. "गाडीने तर दोन मिनिटांत पोचेन. उत्तर सुचायला वेळच नाही मिळणार."

दारात सावली पडली. "मी आहे हं बाहेर," कारकून म्हणाला. "चार वाजले. घाई नाही." आणि गेला.

थोरला उठून येरझाऱ्या घालू लागला. त्याची बाजूही खोटी नव्हती. बापाच्या नावाने उभे असलेले कार्यालय त्याच्या खांद्यावर होते, आणि मुलाने बापाला हसण्यावारी नेऊ द्यायचे नसते. "ठीक आहे. चूक झाली. पण ती आजच, याच अहवालात सांगायला हवी का? आपण जोडरस्ता जरा सरकवू. आत्याचं घर वाचलं की झालं ना? चाळीस मीटर डावीकडे."

सूनबाईने नकाशावर पट्टी ठेवली. "चाळीस मीटर डावीकडे आपण येतो. दुभाजक या खुर्चीवर." तिने बोट दाखवले, तिथे खरोखरच आबा बसले होते.

"मग उजवीकडे."

"उजवीकडे नदी आहे, दादा," धाकटा म्हणाला.

"मग ती नोंदच काढून टाक. एक फॉर्म कमी झाला तर कोणाला कळणार?"

"नियम चौथा," आबा डोळे मिटून म्हणाले. "माहिती देणाऱ्याच्या संमतीशिवाय कोणतीही नोंद खोडू नये. मी लिहिलाय तो. पाळलाय."

आता सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिले. संमती द्यायला त्या एवढ्या जवळ बसल्या होत्या की प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण आत्याबाई खुर्चीत ताठ झाल्या होत्या.

"एक मिनिट. म्हणजे गेली एकतीस वर्षं तेवीस हजार बायका माझ्या बाजूने भांडायला जात होत्या?"

"कागदावर, आत्या."

"कागदावर का होईना! मला वाटायचं, त्या भांडणात मी एकटीच. दादा कधी माझ्या बाजूने बोलला नाही, तिच्याही नाही. आणि इथे सरकारने माझ्या उत्तरांसाठी पूल बांधला!" त्यांनी फॉर्म दोन्ही हातांनी छातीशी धरला. "नाही देणार संमती."

"आत्या, घर पडेल तुमचं," सूनबाई कळवळून म्हणाली.

"पडू दे. माझ्या स्वतःच्या गर्दीने पडतंय, परक्याच्या नाही."

आघाडी अशी एका क्षणात उलटली. ज्या नोटिशीविरुद्ध आत्याबाई आल्या होत्या तिच्याच बाजूला त्या जाऊन उभ्या राहिल्या. थोरल्याला हवा तो आधार नको त्या दिशेने मिळाला, आणि तो आनंदित होण्याऐवजी अधिकच कावराबावरा झाला. धाकटा वहिनीजवळ येऊन उभा राहिला. "वहिनी, आपण सगळे रोज सातदा गेलो तर? आकडा थोडा तरी खरा होईल."

"आपण पाच जण, भावजी. पस्तीस खेपा."

"शेळ्या धरून एकसष्ट."

सूनबाईला हसू आले, आणि हसण्याबरोबर डोळ्यांत पाणीही. अकरा वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा आबांनी तिला या नकाशासमोर उभे करून सांगितले होते: "पोरी, टाचणीवर कुणी राहत नाही, हे विसरू नकोस. आपण सोयीसाठी तसं मानतो." ते ती विसरली नव्हती. विसरले होते ते स्वतः आबा. आणि ती आता त्यांचेच वाक्य त्यांच्यापुढे कसे ठेवावे याचा विचार करत होती. ती आत्याबाईंच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"आत्या, नोंद नका काढू. पण मला एवढं सांगा, यात लिहिलंय ते सगळं बरोबर आहे ना? माझी सही लागणार आहे त्याखाली."

आत्याबाईंनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला. उत्तरे सुचण्यात ज्यांचा हातखंडा, त्या बाईला इतका वेळ लागलेला घराने कधी पाहिला नव्हता.

"सात नाहीत," त्या म्हणाल्या. "आठ."

आबांनी डोळे उघडले. "मी विचारलं होतं तुला. आणखी कुठे गेलीस का? तू नाही म्हणालीस."

"खोटं बोलले. संध्याकाळी पिशवी रिकामी केली, तर कात्री माझ्याच कापडात गुंडाळलेली. दिवसभर मी तिला चोर ठरवून आले होते, सात प्रकारे. मग आठव्यांदा गेले. कात्री तिच्या हातात दिली. म्हटलं आता ऐकवेल. तर ताईने नुसता चहा टाकला." त्यांचा आवाज खाली गेला. "तेव्हापासून दर मंगळवारी जाते. आम्ही दोघी शिवत बसतो. ती बेतते, मी टाके घालते."

"दर मंगळवारी?" थोरला थांबला. "पण तू तर भांडायला जातेस! म्हणून तर पुलाच्या पायथ्याशी घर घेतलंस. म्हणालीस, चाळीस मीटर जास्त चाललं तरी उत्तर गार होतं."

"भांडायला जाते म्हटलं की कोणी सोबत येत नाही. बरं पडतं." त्यांनी भावाकडे पाहिले. "आणि तुम्हाला काय सांगू? एकतीस वर्षं ज्या भांडणाचं घरात नाव झालं, त्यात चूक माझीच होती म्हणून?"

मग आबा सावकाश उठले, बहिणीजवळ गेले आणि शेजारच्या लाकडी स्टुलावर बसले. ती खुर्ची सोडून ते दुसऱ्या आसनावर बसलेले सूनबाईने प्रथमच पाहिले.

"एका कागदावर दोघांचं खोटं," ते म्हणाले. "तुझं एका खेपेचं. माझं तीन हजार चारशे अकरा घरांचं. माझं मोठं आहे, बाई. तुला लाज वाटली म्हणून तू गप्प बसलीस. मला मान मिळाला म्हणून मी. मी ते पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे ठाऊक नव्हतं असं नाही."

त्यांनी सुनेकडे पाहिले. "सूनबाई, तू सांग. काय करायचं?"

"नोंद राहू दे, आबा," ती म्हणाली. "फक्त वजन बदलू. एका घराचं वजन एक. बाकीच्या घरांना शेजारच्या विभागाची सरासरी लावते, आणि तिथे स्पष्ट लिहिते की या विभागाची पाहणी झालेली नाही, ती करावी. नकाशात तो तुकडा पांढरा दाखवते."

"पांढरा," आबा पुटपुटले.

"हो. पांढराच आहे तो."

आबांनी मान हलवली. या घरात संख्या बाहेर जायला एवढेच पुरत असे. आत्याबाईंनी फॉर्म परत दिला. सूनबाईने सातव्या खेपेखाली आठवी लिहिली, हेतूच्या रकान्यात विचारून 'बहिणीकडे' असे भरले, आणि वजनाच्या जागी एक टाकला. प्रतिमान चालू केले. त्याला बावीस मिनिटे लागत. त्या बावीस मिनिटांत कोणी येरझाऱ्या घातल्या नाहीत. थोरल्याने आपणहून चहा करून आणला आणि बाहेर कारकुनालाही दिला.

पडद्यावर आकडे उमटले तेव्हा चार पन्नास झाले होते. एकतीस वर्षे त्या पुलाचा हिशेब इतर प्रदेशाशी जुळावा म्हणून प्रतिमानात एक सुधारक गुणक कोंबलेला होता, शहाण्णवचा. तिन्ही अभ्यासांत तो का, हे कोणी विचारले नव्हते. सूनबाईने तो काढून एक ठेवला होता. सगळे विभाग आपापल्या जागी निमूट बसले.

"पुलावरून दिवसाला एकशे एक्कावन्न," तिने वाचले. "भावजी, तुमचे शेळ्या वजा करून?"

धाकट्याने बोटांवर केले. "एकशे सत्तेचाळीस."

"चार जास्त," थोरला म्हणाला. आणि मग, सबंध आयुष्यात ज्या सुरात तो बोलला नव्हता त्या सुरात: "चार जण त्या दिवशी घरी असतील गं. एवढं जवळ? आबा, एवढं जवळ कधी आलं होतं?"

आबांनी कोरा कागद मागितला, आणि मंडळाला उद्देशून सहा ओळी लिहिल्या: पहिल्या अभ्यासातील अमुक विभागाची नोंद माझ्या हातून चुकीची भरली गेली, 'अन्य हेतूंचा प्रवास' हा माझा सिद्धांत मी मागे घेत आहे, पूल रुंद करण्याची आवश्यकता नाही, जोडरस्त्याचीही नाही. सहीचे अक्षर तसेच मोत्यासारखे आले. सूनबाईने त्याखाली स्वतःची केली.

"मंडळ पुन्हा काम देईल आपल्याला?" थोरल्याने हळूच विचारले.

"दिलं तर पांढऱ्या तुकड्यापासून सुरू करू," आबा म्हणाले. "नाही दिलं तर तो तुकडा आपणच पायी फिरू. तीन हजार चारशे बारा दारं आहेत. तुझे पाय चांगले आहेत."

पाच वाजता कारकून आत आला. अहवाल हाती घेऊन त्याने जुन्या सवयीने शेवटचे पान उघडले, शिफारस वाचली, पुन्हा वाचली. मग त्याने छत्री काखेत धरली आणि पहिल्यांदाच घरगुती आवाजात म्हणाला, "मी पलीकडेच राहतो. एक्केचाळिसातलं एक घर माझं. रोज सकाळी त्या पुलावरून येतो आणि एकही माणूस दिसत नाही. मला वाटायचं, बाकीचे तेवीस हजार माझ्या आधी जाऊन आले असणार. मी घाई करून लवकर उठायला लागलो होतो."

"आता निवांत उठा," सूनबाई म्हणाली.

तो गेला. आत्याबाईंनी पिशवीची टाचणी काढली, नोटिशीची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. "निघते. आज मंगळवार. ताई वाट बघत असेल, बाह्या बेतून ठेवल्यात तिने."

"थांब," आबा म्हणाले. ते उठून काठी शोधत होते. "भांडायला चालली नाहीस ना?"

"नाही रे."

"मग मी आलो तर चालेल?"

तेव्हा सूनबाईच्या ध्यानात आले की त्या पुलाचा पाया ज्यांच्या आकड्यांवर उभा राहिला, त्यांनी तो एकदाही ओलांडलेला नव्हता. दोन बहिणींच्या मध्ये पडायला नको, म्हणून एकतीस वर्षे ते अलीकडेच थांबले होते.

सगळेच पुलापर्यंत गेले. चारपदरी रस्ता संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात रिकामा पसरला होता. इतका रुंद, की दोन्ही भावंडे कुठल्या बाजूने चालावे याचा घोळ घालू लागली. "डावीकडून," थोरला मागून ओरडला. "मध्यातून चाल रे दादा, कोण येतंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि ते मध्यातून, दुभाजकाच्या कडेकडेने, एकमेकांचा हात न धरता पण एकाच चालीने निघाले. धाकट्याने कठड्यापाशी घडीची खुर्ची उघडली, खिशातून टिकटिक्या काढला आणि दोनदा दाबला. सूनबाईने वहीत वेळ लिहिली, पाच पंचवीस, कशाने, पायी, आणि हेतूच्या रकान्यात, कुणालाही न विचारता, बहिणीकडे.

पलीकडच्या टोकाला आठ फाट्यांपैकी जो एकच घरांकडे जातो, तिथे कुणीतरी दारात उभे होते.

ज्यांनी मोजले त्यांचे हात स्थिर राहोत. जे चुकले आणि चूक बोलून मोकळे झाले, त्यांचे मन हलके राहो. अंतरे लहान होवोत; आणि जी माणसे अजून कुठल्याच कागदावर आलेली नाहीत, त्यांच्याही दारात संध्याकाळी कुणी ना कुणी, केवळ भेटीच्या हेतूने, पायी येवो.